मालकीण बसल्याशिवाय

आमचे घरमालक रोज सकाळी चादर वाचायचे. रात्री फाटकाच्या आत पिकअप उभी राहिली की तिच्या पोटाखाली एक जुनी पांढरी चादर अंथरायची आणि सकाळी चहाच्या आधी ती ओढून उन्हात धरायची, हा त्यांचा नेम. चादर कोरी निघाली तर स्वारी खूश. डाग असला तर तो कुठं पडलाय, केवढा आहे, काळा की लाल, यावर त्यांचा अख्खा दिवस कसा जाणार ते ठरायचं. काळा म्हणजे इंजिनचं तेल, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. लाल म्हणजे गिअरचं. लाल डाग दिसला की काका तोंडातून शब्द न काढता आत जायचे आणि काकू खिडकीतून मला सांगायच्या, "आज जपून गं. लाल आहे."

आम्ही इंदिरानगरात त्यांच्या तळमजल्यावर राहायला गेलो तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. नव्वद सालानंतरचे दिवस. नवरा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, कधी पहिली पाळी, कधी दुसरी. जागा बघायला गेलो तर काकांनी त्याला एक प्रश्न विचारला नाही. मला मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं, हातात औषधाची बाटली धरली आणि म्हणाले, "यावरचं बारीक वाच." मला वाटलं, म्हातारा चळलाय. पण जागा चांगली होती, मागं जांभळाचं झाड होतं, म्हणून वाचलं. काकांनी मान हलवली आणि काकूंना हाक मारली, "अहो, चावी द्या यांना. पोरीची नजर चांगली हाय."

नजर कशासाठी हवी होती ते पंधरा दिवसांत कळलं. काकांना मोतीबिंदू होत आला होता आणि त्यांना गाडीतलं तेल किती आहे ते दाखवणारी खुणांची पट्टी वाचायला माणूस पाहिजे होतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला असलं काम मिळेल असं माझ्या वडिलांच्या स्वप्नातही आलं नसेल.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मोठमोठ्या यंत्रांच्या सहवासात जन्म गेल्यामुळं त्यांचा माणसांपेक्षा यंत्रांच्या बोलण्यावर जास्त विश्वास. पाण्याच्या पंपाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसायचे. समोरच्या बंगल्यातल्या बाईंना त्यांनी भर हळदीकुंकवात सांगितलं होतं, "तुमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय, आठवडाभर ऐकतोय." त्या बाई पुढं कित्येक दिवस खिडकी लावून चटणी वाटत. माझ्या नवऱ्याच्या स्कूटरला तर ते रोज जाता-येता शिव्या घालायचे. पण स्वतः कधी तिच्यावर बसले नाहीत. कोणी सोडतो म्हटलं तरी नाही. चालत जात, नाहीतर रिक्षानं, नाहीतर पिकअपमध्ये काकूंच्या शेजारी.

पिकअप काकू चालवायच्या, हे सांगायला हवं. काका चालवत नसत.

ती गाडी परदेशी बनावटीची होती. कुठल्याशा प्रकल्पावर आलेले गोरे इंजिनिअर काम संपवून गेले आणि त्यांच्या गाड्या भंगारात निघाल्या, त्यातली ही काकांनी उचलली. अख्ख्या कॉलनीनं त्यांना वेड्यात काढलं. पेट्रोल ढोसणारं धूड, सुटे भाग मिळत नाहीत, मेकॅनिक हात लावत नाहीत. पण काकांना तिच्यात एकच गोष्ट दिसली होती. तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे, डाव्या पायाला कामच नाही. आणि काकूंचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता.

काकू आधी शाळेत शिकवायच्या. एका अपघातात पाय असा झाला, शाळेचे जिने जमेनात, नोकरी सुटली. त्यानंतर त्यांनी सिन्नरच्या बाजूला त्यांच्या माहेरच्या वाट्याच्या जमिनीत फुलं लावली. झेंडू, शेवंती, ॲस्टर. जमिनीवर जायचं, बायकांकडून तोडणी करून घ्यायची आणि माल भरून नाशकात फुलबाजारात आणायचा, हे सगळं त्या एकट्या करायच्या, केवळ त्या पिकअपच्या जोरावर. बाजारातले लोक त्यांना 'पिकअपवाल्या बाई' म्हणायचे. काकूंना ते नाव फार आवडायचं. शाळेत त्यांना कोणी नुसतं 'बाई' म्हणायचं त्यापेक्षाही जास्त, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

अपघात कसा झाला ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

तर ते लाल तेल. दर वर्षी नवरात्राच्या आधी, झेंडूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, काका ते बदलायचे. आमच्या घरात गणपती गेले की मखर माळ्यावर जायचं, आणि यांच्याकडं गणपती गेले की गाडी चार विटांच्या थरांवर चढायची. पाथर्डी फाट्याजवळ गॅरेज असलेले आयुबभाई खाली सरकून गिअरच्या तेलाच्या पॅनचे बोल्ट ढिले करायचे. एका बाजूचे आधी, म्हणजे पॅन तिरका होऊन तेल सावकाश घमेल्यात उतरतं. सगळे एकदम काढले तर तेलानं आंघोळच. पहिल्या वर्षी आयुबभाईंनी ती केली होती आणि काका त्यांना अजून त्यावरून चिडवायचे.

तेल उतरलं की काका घमेल्यात बोट बुडवायचे, दोन बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे. तेल विटकरी रंगाचं असेल आणि वास गोडसर असेल तर ठीक. काळपट असेल आणि करपलेल्या दुधाचा वास आला तर आत काहीतरी जळतंय. मग पॅनमधलं लोहचुंबक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचे. त्यावर राखाडी गाळ आला तर तो झिजेचा, चालायचाच. लोखंडाचे कण दिसले तर काळजी. "बघ गं," ते फडकं माझ्या तोंडासमोर धरायचे, "चमकतंय का कुठं?" मी नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडायचा की विचारू नका. डॉक्टरनं जवळच्या माणसाचा रिपोर्ट चांगला सांगावा तसा.

मग तेल गाळायची जाळी धुवायची, नवं पॅकिंग लावायचं, आणि दुधाच्या मापानं मोजून नवं तेल घालायचं. जेवढं निघालं तेवढंच. सगळं तेल पॅनमधून निघत नाही, अर्धं वरच राहतं, आणि काका म्हणायचे ते बरं. "जुन्या गाडीचं सगळं रक्त एका दमात बदलू नये. दरसाल अर्धं अर्धं."

शेवटी मोजणी. इथं काकांचा खरा विक्षिप्तपणा सुरू व्हायचा. पट्टीला हात लावण्याआधी ते आत वर्दी द्यायचे, "मालकीणबाईंना बोलवा." काकू हातातलं काम टाकून, साडी बदलून यायच्या, पाय सांभाळत चढायच्या, स्टिअरिंगमागं बसायच्या. गाडी चालू करायच्या, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेऊन परत आणायच्या. त्यानंतर काका पट्टी उपसायचे, पुसायचे, परत घालून काढायचे आणि माझ्यासमोर धरायचे. तेल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते मी सांगायची. एकदा मी म्हटलं, "काका, काकूंच्या हातात पीठ आहे, मी बसते की आत." तर एवढे भडकले! "मालकीण बसल्याशिवाय मोजायचं नाय. ठरलंय ते."

मला वाटलं, हा एक प्रकारचा मान आहे. सत्यनारायणाला जोडीनं बसतात, नव्या गाडीवर घरच्या लक्ष्मीच्या हातनं स्वस्तिक काढून घेतात, त्यातलंच काही. तीन वर्षं मी सगळी कृती वहीत उतरवून घेतली होती. किती बोल्ट, कुठल्या क्रमानं आवळायचे, किती मापं. मोजणीपाशी मी लिहिलं होतं, "काकूंना बसवणे (काकांची हौस)."

चौथ्या वर्षी दवाखान्यातून काकांच्या डोळ्याची तारीख अचानक आधी आली. ऐन नवरात्रात. दसऱ्याला दोन दिवस उरले होते, शेतात झेंडू फुलून तयार, आणि काकांच्या डोळ्याच्या तपासण्यांत तेल बदलायचं राहिलेलं. काका ऑपरेशनच पुढं ढकलायला निघाले होते. काकूंनी ऐकलं नाही. जाताना काका रिक्षात बसून मला म्हणाले, "वही हाय ना तुझ्याकडं? आयुबला घे आन् करून टाक. वहीत हाय तसंच कर." आयुष्यात इतका मोठा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता. सासूबाई मला भाताला पाणी किती घालायचं ते पत्रानं कळवायच्या त्या काळात.

मी आणि आयुबभाईंनी दुपारभर खपून सगळं वहीबरहुकूम केलं. तेलाचा वास चांगला, फडक्यावर नुसता गाळ. मापं मोजून तेल भरलं. काकू काकांपाशी दवाखान्यात होत्या, त्या संध्याकाळी त्यांना घेऊन येणार होत्या. हौसेसाठी कशाला थांबायचं म्हणून मी थंड, बंद गाडीची पट्टी उपसली आणि उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्या पार वर. तेल जास्त झालं तर आत फेस होतो आणि वाट लागते, हे काकांनी शंभरदा सांगितलेलं. आयुबभाई म्हणाले, "भाभी, नापके निकाला, नापके डाला. रहने दो ना." पण मी पट्टी वाचणारी! मी त्यांना पॅनचे बोल्ट पुन्हा ढिले करायला लावले आणि तेल खुणेवर येईपर्यंत काढायला लावलं. तीन मापं निघाली. संध्याकाळी काकूंनी रिक्षातून उतरता उतरता विचारलं, "मोजलंस ना गं नीट?" मी म्हटलं, "अगदी खुणेवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शेताकडं निघाल्या. दीड-दोन तासांनी फोन वाजला. सिन्नरच्या घाटाजवळच्या एका ढाब्यावरून कोणीतरी बोलत होतं. पिकअप चढावर थांबली, इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढं जाईना, उलट मागं घरंगळली. बाई ठीक आहेत. कोणा ट्रकवाल्यानं चाकांमागं दगड लावलेत.

काका आतून भिंत धरत बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसणारं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरनी बजावलेलं. "चल," एवढंच म्हणाले. आयुबभाईंनी कोणाची तरी रिक्षा मागून आणली. मी तेलाचा डबा आणि नरसाळं मांडीवर घेऊन बसले.

आम्ही नाशिकरोड ओलांडलं. मग काकांनी विचारलं, "मोजताना मालकीण बसली होती?"

"नाही."

"म्हंजे इंजिन बंद."

"बंद होतं, काका. तेल खूप वर दिसलं, म्हणून मी काढायला लावलं." आणि मला रडूच फुटलं.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको. चूक माझी हाय. या गाडीत तेलच गाडी ढकलतं. इंजिन चालू असलं की ते वर चढून फिरत राहतं. बंद केलं की सगळं खाली उतरतं, मग पट्टी बुडालेली दिसते. मोजायचं ते चालू गाडीत. मालकीण बसायची ती गाडी चालू करायला, बाकी काय नाय."

"मग तुम्ही हे सांगितलं का नाही? चालू तर कोणीही केली असती. मी केली असती."

काका तोंड रस्त्याकडं करून म्हणाले, "ती पडली तेव्हा स्कूटर माझ्या हातात होती. त्यानंतर घरात जो येईल तो तिला म्हणतो, तू बस, आम्ही करतो. पाणी आम्ही आणतो, कपडे आम्ही वाळत घालतो. तिचा चेहरा पाहवत नव्हता. मी म्हटलं, एक तरी काम असं पाहिजे जे तिच्यावाचून अडून राहतं. हे तिला सांगू नको. कधीच सांगू नको, शपथ हाय तुला."

घाटात पोचलो तर काकू रस्त्याकडेच्या दगडावर डावा पाय पुढं पसरून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्या काकांकडं बघून म्हणाल्या, "विकून टाका ती. मी परत बसणार नाही. मागं ट्रक होता. मला वाटलं, पुन्हा तसंच होणार."

मी त्यांची माफी मागितली. त्यांना ऐकू गेली की नाही कोण जाणे. आयुबभाईंनी दगड काढून गाडी अलगद मागं, सपाटीला उतरवली. मी काढलेलं तेल मोजून परत घातलं. घालताना थोडं सांडलं, रस्त्यावर लाल धार लागली.

"चाचा, मैं बैठता हूँ," आयुबभाई आत चढत म्हणाले, "चालू करता हूँ, नाप लो."

"उतर," काका म्हणाले.

"अरे चाचा..."

"उतर म्हणतो ना! मालकीण बसल्याशिवाय मोजायचं नाय."

आयुबभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. काका बॉनेट धरून उभे होते, डोळ्यावर पट्टी, हातात दुसरी पट्टी, शेजारून भरधाव ट्रक जात होते आणि त्यांच्या धुळीनं माणूस पांढरा झाला होता. डॉक्टरनी पाहिलं असतं तर तिथंच झापलं असतं. "मला हे जमायचं नाय," ते काकूंच्या दिशेनं, पण जरा चुकीच्याच बाजूला बघत म्हणाले. "तुमच्यावाचून माझं तेल मोजून होत नाय. माल तिकडं शेतात पडलाय. तुम्ही नाही बसलात तर इथंच उभा राहतो."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. मी त्यांना उठवलं. त्या पाय सांभाळत चढल्या, गाडी चालू केली, दांडा एकेका खुणेवर नेऊन आणला. तेल दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये होतं. मी मोठ्यानं सांगितलं, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. आयुबभाई रिक्षा घेऊन परतले, आम्ही तिघं पुढं दाटीवाटीनं बसलो, काकूंनी घाट चढवला, आणि त्या दिवशीचा झेंडू दुपारी बाजारात पोचला. वरच्या वळणावर काकांचा हात दाराच्या कडीवर घट्ट होता, हे फक्त मला दिसलं.

पुढं आम्ही आमची जागा घेतली, दोन मुलं झाली, नाशिक वाढत वाढत आमच्या अंगावर आलं. पण गणपती गेले की काकांचा निरोप यायचाच, आणि मी जायचीच. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसायला लागलं होतं, तरी पट्टी माझ्यासमोरच धरायचे. मी कामचुकार झाले तर माझी जागा जाईल अशी धमकी द्यायचे. मला ते फार फार आवडायचे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आपल्याकडं सांगत नाहीत.

दोन हजार पाचच्या पुढं कधीतरी, एका थंडीत, काका गेले. त्यानंतरचे गणपती झाल्यावर मला वाटलं, आता कुठलं तेल. तर काकूंचा फोन. "येतेस ना? आयुबभाई उद्या येताहेत."

आयुबभाईंच्या हाताखाली आता त्यांचा जावई होता, तो खाली सरकला. तेल उतरलं, वास मी घेतला, फडकं मी पुसलं. काकू साडी बदलून आल्या. चढताना त्यांना आता दोन माणसं लागत होती. त्यांनी गाडी चालू केली, दांडा फिरवला. मी पट्टी वाचली, तेल बरोबर होतं. आयुबभाई आणि जावई हात धुवायला मागं गेले.

काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या. "तुला ठाऊक होतं ना," त्या म्हणाल्या, "की मोजताना गाडी चालू करायला कोणीही बसलेलं चालतं?"

मी पट्टी पुन्हा पुसायला घेतली. शपथ होती.

"मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. मी शिक्षिका, पुस्तक घरात पडलंय आणि वाचणार नाही होय? त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पहिल्यांदा हे म्हणाले, मालकीण बसल्याशिवाय मोजता येत नाही, तेव्हा मला हसूच आलं. मग यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, असू दे." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "घाटात मला खरंच बसायचं नव्हतं गं. मेले असते तरी बसले नसते. पण डोळ्याला पट्टी बांधून, धूळ खात, भर रस्त्यात तो माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलत होता. मी उठले नसते तर ते खोटं पडलं असतं."

"काका मला शपथ घालून गेले होते," मी म्हटलं. "तुम्हाला कधीच सांगायचं नाही म्हणून."

काकूंनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि हसायलाच लागल्या. "म्हणजे इतकी वर्षं तिघं मिळून..." असं काहीतरी म्हणत होत्या, पण वाक्य पुरं झालं नाही, हसता हसताच त्या रडायला लागल्या. काका गेले त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी पलीकडच्या दारानं चढून त्यांच्या शेजारी, काकांच्या जागेवर जाऊन बसले. इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.